उत्तम मेंढपाळ आणि नव्व्याण्णव मेंढरे

वज्रेश्वरीच्या देवळाच्या बावन्न पायऱ्या चढून वर आले म्हणजे आपण देवळात आलो की गढीत, असा क्षणभर प्रश्न पडतो. चिमाजी अप्पाने वसईच्या मोहिमेवर जाताना देवीला नवस केला, इ. स. १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांकडून वसई घेतली आणि नवस फेडण्याकरिता हे देऊळ उभे राहिले, असे येथे पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. अशा या गावी, चैत्री अमावास्येच्या यात्रेचे दिवस जवळ आले असताना, ख्रिस्ती धर्मग्रंथातली एक प्रतिमा घेऊन आम्ही बोलावयास उभे राहावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या वसईवर तोफा डागल्या गेल्या, त्याच वसईचे ख्रिस्ती शेतकरी आज अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडांत पाय सोडून बसलेले आम्ही पाहिले आहेत. शेजाऱ्याच्या घरात काय बोलले जाते हे ठाऊक असावे, एवढाच आमचा हेतू आहे. शिवाय वेळही बरी आहे. ईस्टरनंतरच्या दिवसांत एक रविवार ख्रिस्ती लोक 'उत्तम मेंढपाळाचा रविवार' म्हणून पाळतात, आणि तो आपल्या या वसंतातच येतो.

प्रथम आमची पात्रता सांगून टाकतो. शाळेत आम्ही सातवीच्या पुढे गेलो नाही. पुढचे शिक्षण भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीतल्या एका मोडक्या कपाटात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्या कपाटात वसईकडच्या एका सहकाऱ्याने ठेवलेले मराठी बायबल होते. संपाच्या दिवसांत वेळ जाता जात नाही. तेव्हा ते वाचले. धर्मशास्त्री म्हणून नव्हे, तर माणसांचे पुढारपण करण्यात आयुष्य गेलेला एक कामगार म्हणून आम्ही त्याविषयी बोलणार आहोत.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो. 'उत्तम' या ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये 'कालॉस' हा शब्द आहे आणि त्यात चांगुलपणाबरोबर सुंदरतेचाही अर्थ येतो, असे जाणते सांगतात. त्या मेंढपाळाची लक्षणे थोडी आहेत. तो आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारतो. तो मागून हाकीत नाही, पुढे चालतो. मेंढरे त्याचा आवाज ओळखतात म्हणून मागे जातात, परक्याचा आवाज ऐकला तर पळतात. लांडगा आला तर तो पळून जात नाही, प्राण देतो. आणि आणखी एक: या वाड्यातली नसलेली दुसरी मेंढरेही आपली आहेत, असे तो म्हणतो. ख्रिस्ती जगातले सगळे पुढारपण या चित्रावर बेतलेले आहे. बिशपच्या हातातला वाकड्या टोकाचा दंड म्हणजे मेंढपाळाची काठीच होय. प्रॉटेस्टंट मंडळींत धर्मगुरूला आपल्या मराठीत 'पाळक' म्हणतात आणि त्याच्या मंडळीला 'कळप' म्हणण्याची रीत आहे.

हे चित्र आपल्या मुलखाला अगदीच परके राहिले असेही नाही. सतराव्या शतकात गोव्यातल्या कारागिरांनी हस्तिदंतात कोरलेल्या बाल मेंढपाळाच्या मूर्ती आजही वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. खडकाळ डोंगराच्या माथ्यावर पोर बसलेले, पायावर पाय, गालाला हात, डोळे मिटलेले, खांद्यावर कोकरू. खाली झरा आणि त्यावर पाणी पिणारी मेंढरे. पोर्तुगिजांनी विषय दिला, पण तो मिटल्या डोळ्यांचा निवांतपणा आपल्याकडच्या बुद्धाच्या नि बाळकृष्णाच्या मूर्तींतून आला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. आम्हांला तो पटतो. कारागीर ज्या मातीचा, त्या मातीचाच देव त्याच्या हातून उतरतो.

आता खऱ्या मेंढपाळाकडे येऊ. आमचे मूळ गाव माणदेशात. लहानपणी सुट्टीत गेलो म्हणजे दिवाळीनंतर शेतात धनगरांची मेंढरे बसवलेली दिसत. रात्रीपुरती शेतात मेंढरे बसली की लेंड्यांचे आणि मुताचे खत मिळते, म्हणून शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन धनगराला बोलावतो. संध्याकाळी वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, उभे करायचे, मेंढरे आत घ्यायची, कुत्री बाहेर, आणि स्वतः घोंगडी पांघरून कडेला पडायचे. त्या पडण्याला झोप म्हणणे धाडसाचे होईल. मोठा कळप असला की एक जण पुढे चालतो आणि एक मागे राहतो. लंगडे, गाभण, नुकते जन्मलेले, ते मागच्याच्या वाट्याला. पुस्तकातला मेंढपाळ नेहमी पुढेच चालताना रंगवतात. मागच्याचे चित्र आम्ही कुठे पाहिले नाही. युनियनमध्येही सभेत बोलणाऱ्याचा फोटो निघतो, वर्गणी गोळा करणाऱ्याचा निघत नाही.

प्रतिमा इतकी जिवंत, तरी पहिल्या वाचनात आम्ही एका जागी अडलो, आणि रागावलोही. मेंढपाळाच्या उलट कोण? तर 'मोलकरी'. मेंढरे त्याची स्वतःची नाहीत, तो मजुरीवर ठेवलेला. म्हणून लांडगा दिसताच तो पळतो. म्हणजे मालक तेवढा प्राण देणारा आणि मजूर तेवढा पळपुटा! तीस वर्षे आम्ही मोलकऱ्यांतच काढली. १९८२ च्या संपात गिरणीची चाळ सोडून गावी जाण्याची पाळी आली तरी आमच्या वडिलांनी तोंड फिरवले नाही. आणि मालक कधी कोणासाठी प्राण द्यायला धावलेला आम्ही पाहिला नाही. लांडगा आला की तो गिरणीची जमीन विकायला निघतो.

पण तेच पुस्तक मागे उलटत गेलो तर उत्तर तिथेच सापडले. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आपला मामा लाबान याच्याकडे वीस वर्षे मेंढरे राखतो: चौदा वर्षे त्याच्या दोन मुलींसाठी, सहा वर्षे जनावरांसाठी. शेवटी भांडण होते तेव्हा याकोब जे बोलतो ते आम्ही वाचले आणि पुस्तक बाजूला ठेवून हसलो. दिवसा उन्हाने जळालो, रात्री थंडीने काकडलो, डोळ्याला डोळा लागला नाही. श्वापदाने फाडलेले जनावर मालकाच्या पदरी न घालता स्वतःच्या अंगावर सोसले. आणि एवढे करून मालकाने दहा वेळा मजुरी बदलली, असा तो हिशेब मांडतो. ही तर यंत्रमागवाल्याची तक्रार झाली! मीटरमागे एक दर ठरवायचा, माल उतरला की कापड सदोष म्हणून दुसरा लावायचा. जगातल्या मजुरीच्या सर्वांत जुन्या तक्रारींपैकी ही एक असावी, आणि ती करणारा मोलकरी पळपुटा नव्हता. मोशेसुद्धा आपला सासरा इथ्रो याचीच मेंढरे राखीत होता, स्वतःची नव्हे.

आमच्या खंडोबाचे तर विचारूच नका. लोककथा अशी आहे की बानूसाठी हा देव जेजुरीचे वैभव सोडून धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहिला आणि तिची मेंढरे राखली. म्हाळसेला काय वाटले ते गाण्यांतून ऐकावे. पण देवाने मजुरीवर मेंढरे वळावीत आणि त्यात त्याला कमीपणा वाटू नये, ही गोष्ट रचणारे लोक मोलकऱ्याला कमी लेखणारे नव्हते. याच खंडोबाचा वार तो रविवार. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झटले, तेव्हा रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे हे कारणही पुढे केले गेले, असे सांगतात. १० जून १८९० रोजी ती सुट्टी मिळाली. चर्चला जाणारा साहेब आणि जेजुरीचा भक्त कामगार एकाच दिवशी मोकळे झाले. दोघांच्या मागे मेंढपाळ होता, हे दोघांच्याही लक्षात आले नसेल.

मग मोलकऱ्याविषयीचा तो शब्द कसा घ्यायचा? आमच्या मते तो मजुरीविरुद्ध नाही. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये पहिल्याच भागात थ्रॅसिमॅकस नावाचा एक तिखट माणूस सॉक्रेटिसाला विचारतो: मेंढपाळ मेंढरांना चारतो ते मेंढरांच्या भल्यासाठी, असे तुला वाटते काय? तो त्यांना पोसतो ते आपल्या नि मालकाच्या फायद्यासाठी. राज्यकर्तेही तसेच. सॉक्रेटिसाचे उत्तर असे की मेंढरे राखण्याची विद्या ही मेंढरांचे हित पाहते. पैसा मिळवणे ही वेगळी विद्या, ती तिला जोडलेली असते एवढेच. उत्तर चतुर आहे. वैद्य फी घेतो म्हणून त्याचे औषध खोटे ठरत नाही. मजुरी घेणे हा दोष नव्हे. लांडगा आल्यावर मजुरीचाच तेवढा हिशेब करणे हा दोष. युनियनच्या पगारी कार्यकर्त्याला आणि खुर्चीवरच्या मंत्र्याला ते एकसारखेच लागू आहे.

तरीसुद्धा थ्रॅसिमॅकसचा प्रश्न पूर्ण मिटत नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मेंढराची लोकर कोणासाठी कातरतात? त्याचा शेवट कोठे होतो? आणि मेंढराला आपला मेंढपाळ निवडता येत नाही, त्याच्याकडे जमाखर्च मागता येत नाही, तो बदलता येत नाही. राजेलोकांना ही उपमा आवडली ती याचसाठी. बाबिलोनचा हम्मुराबी आपल्या कायद्याच्या शिलालेखात स्वतःला मेंढपाळ म्हणवतो. होमरच्या काव्यात आगामेम्नॉन हा लोकांचा मेंढपाळ आहे. आपल्याकडे भूपाल झाले, राज्यपाल झाले, आणि लोकशाही आल्यावर जिल्ह्याजिल्ह्याला पालकमंत्री मिळाले! शब्द आपण सहज वापरतो. पण पालक म्हटला की पुढचा माणूस अजाण ठरतोच.

कामगारांच्या बाबतीत हे नुसत्या शब्दापुरते राहिले नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मानली. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगाराला ती नको असली तरी त्याच्या वतीने बोलण्याचा हक्क तिचाच. म्हणजे मेंढपाळ कायद्याने नेमलेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, त्यात पगार-बोनसाबरोबर ही नेमणूक मोडण्याचाही हट्ट होता. मेंढपाळाने कळप दरीत नेला, असे पुष्कळ शहाणे पुढे म्हणाले. आम्हांला ते कधी मान्य झाले नाही. कामगार आपण होऊन डॉक्टरांच्या दारात गेले होते. वडील त्यांतले एक. डॉक्टरांच्या चुका झाल्या असतील, वडीलसुद्धा रात्री अंथरुणावर त्या मोजीत. पण अडीच लाख माणसांना मेंढरे म्हणून त्यांच्या निवडीचे श्रेय आणि तिची जबाबदारी दोन्ही काढून घेणे हा त्यांचा दुसरा अपमान होय. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉक्टरांचा खून झाला, त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

बायबलाने स्वतःच या धोक्याची दखल घेतली आहे, आणि ती योहानाच्या कितीतरी आधी. यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात मेंढपाळांवर फिर्याद आहे: चरबी तुम्ही खाल्लीत, लोकर तुम्ही पांघरलीत, दुबळ्याला बळ दिले नाहीत, हरवलेल्याला शोधले नाहीत. इथवर कोणीही पुढारी मान डोलावील, कारण प्रत्येकाला शेजारचा पुढारी आठवतो. पण पुढे तो अध्याय वळतो आणि मेंढरांकडे बोट दाखवतो. धष्टपुष्ट मेंढरे स्वच्छ पाणी आधी पितात आणि उरलेले पायांनी गढूळ करतात; खांद्याने नि शिंगांनी दुबळ्यांना रेटून बाहेर काढतात. हे वाचून आम्हांला आमचीच युनियन दिसली. कायम कामगार बदलीवाल्याला रेटतो, बदलीवाला कंत्राटी पोराला रेटतो, आणि सभेत सगळे मिळून एकजुटीच्या घोषणा देतात.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही एवढा फेरा घातला, ती सांगतो.

लूक आणि मत्तय या दोघांच्याही पुस्तकांत हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे. शंभरांतले एक हरवते; मेंढपाळ नव्व्याण्णव तिथेच सोडून त्या एकाच्या शोधात जातो, आणि सापडल्यावर आनंद करतो. लूक म्हणतो नव्व्याण्णव रानात सोडली. मत्तय म्हणतो डोंगरावर. आम्हांला ही गोष्ट हिशेबाला कच्ची वाटे. एकासाठी नव्व्याण्णव लांडग्याच्या तोंडी द्यायची, हे कुठले शहाणपण? आम्ही बहुसंख्येचे हित पाहणारी माणसे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. भिवंडीतला एक यंत्रमाग कारखाना. नाव सांगत नाही. दर वाढवून मागण्यासाठी नऊ दिवस माग बंद होते. त्याच महिन्यात वाडा तालुक्यातल्या पाड्यावरून आलेल्या एका कांडीवाल्या पोराची उजव्या हाताची दोन बोटे यंत्रात गेली होती. हजेरीपटावर त्याचे नावच नाही, म्हणून भरपाई नाही, असे मालकाचे म्हणणे. आमच्या मागणीपत्रात त्याचे प्रकरण शेवटच्या कलमात होते. नवव्या रात्री मालकाने दर वाढवण्याचे कबूल केले. अट एकच, ते शेवटचे कलम गाळावे. घरोघर चुली थंड होत्या. आम्ही कोणाला न विचारता, रात्री एकच्या सुमाराला सही केली.

दुसऱ्या दिवशी गेटवर सभा झाली, पेढे वाटले गेले. एक म्हातारा तेलुगू विणकर पेढा हातातच धरून उभा होता. त्याने मोडक्या मराठीत विचारले, "त्या पोराचं काय झालं?" आम्ही म्हणालो, "ते पुढं बघू." तो म्हणाला, "उद्या माझं बोट गेलं, तर तेही पुढंच बघणार ना?" एवढे बोलून त्याने पेढा परत ठेवला आणि कामावर गेला.

नव्व्याण्णवांचा हिशेब आम्हांला त्या दिवशी कळला. मेंढपाळ एकाच्या मागे गेला, तर नव्व्याण्णव उघड्यावर पडतात हे खरे. पण तो गेला नाही, तर त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते की हरवण्याची पाळी आपली आली म्हणजे आपणही एकटेच. जो पाय एकासाठी उचलला जात नाही तो नव्व्याण्णवांसाठीही उचलला जाईल, याची खात्री कोणी द्यायची? त्या कारखान्यात पुढच्या वर्षी वर्गणी निम्म्यावर आली. मालकाने काही केले नव्हते.

त्याहून लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. भरपाईचा अर्ज करावा म्हणून आम्ही कागद घेतला, तर पोराचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. सगळे त्याला 'वाड्याचा' म्हणत. आम्हीही म्हणत होतो. पाड्यापाड्यांवर चौकशी करीत दोन दिवस हिंडलो तेव्हा तो घरी सापडला, आणि त्याचे नाव आम्ही त्याच्या आईकडून ऐकले. नावाने हाक मारणे हे योहानाने पहिलेच लक्षण का घातले, ते पाड्यावरच्या त्या ओट्यावर बसून समजले.

या प्रतिमेचा अर्थ ज्यांनी आमच्यापेक्षा चांगला जगून दाखवला, अशी एक व्यक्ती इथून फार लांब नव्हती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे धर्मगुरू. 'सुवार्ता' मासिकाचे १९८३ ते २००७ पर्यंत संपादक. 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. पण आम्हांला ते आठवतात हरित वसईच्या लढ्यामुळे. वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेले जात होते, बागायतीवर इमारती चढत होत्या, गुंडगिरी वाढली होती. अशा वेळी हा माणूस धर्मपीठ सोडून रस्त्यावर उतरला. त्या चळवळीत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. 'या वाड्यातली नसलेली मेंढरे' हे वचन तिथे व्याख्यानात नव्हे, मोर्चात उतरले. विहीर आटली की ती कोणाच्या धर्माची होती हे पाणी विचारीत नाही.

आणि दुसरी व्यक्ती, जिच्या पुस्तकाचे नावच मेंढपाळाच्या प्रतिमेला उलटे आहे. गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत गेल्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणारा 'लग्नगडी' आणि फुकटची वेठ यांविरुद्ध तिथे उठाव झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्या अनुभवांवरचे पुस्तक १९७० मध्ये आले: 'जेव्हा माणूस जागा होतो'. पुढारी काय करतो हे त्या नावात नाही. समोरचा काय होतो ते आहे. मेंढपाळाची गोष्ट जिथे थांबते तिथून ही पुढे सुरू होते. लूकच्या गोष्टीतली नव्व्याण्णव मेंढरे एक शब्दही बोलत नाहीत. आमच्या गोष्टीतला तो म्हातारा विणकर मात्र बोलला.

पोराच्या भरपाईचा दावा आम्ही लावला तो पावणेतीन वर्षे चालला. हजेरीपटावर नाव नसल्याने तो तिथे कामाला होता हेच सिद्ध करायचे होते, आणि त्यासाठी साक्षीदार हवे होते. चालू नोकरीत मालकाविरुद्ध कोण उभा राहणार? सात जण उभे राहिले. पहिला तो पेढा परत ठेवणारा. तारखेच्या दिवशी सातांची मजुरी बुडे, ती बाकीच्यांनी आपसांत वर्गणी काढून भरली. ही कल्पना आमची नव्हती, आम्हांला ती नंतर कळली. तेव्हापासून आमच्याकडे मागणीपत्रात एकट्या माणसाचे प्रकरण असेल तर ते पहिल्या कलमात लिहितात, त्याच्या पूर्ण नावानिशी, आणि ते गाळायचे असेल तर गेटवर सर्वांसमोर हात वर करवून विचारतात. दोनदा असे विचारण्याचा प्रसंग आला. एकदा हात वर झाले नाहीत. दुसऱ्यांदा झाले, पाचांनी. त्यांतला एक हात त्या माणसाच्या सख्ख्या मेव्हण्याचा होता.